सॉल्व्हंट प्लांटमधून बॅटरीकडे



मुलीनं केमिकलची पदवी घेऊन बॅटरी कारखान्याचं नाव काढलं, की घरचे विचारतात, ‘ते तर इलेक्ट्रिकलवाल्यायचं काम हाय, तू तिथं काय करशीन?’ आज याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

सोयाबीनचा सॉल्व्हंट प्लांट आपल्या अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात कुणाला नवा नाही. हेक्झेन तेल विरघळवून घेतं, मग वाफ करून ते तेलापासून आणि डीओसीतून, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीतून, वेगळं काढायचं, थंड करून पुन्हा वापरायचं. हेक्झेन वाया गेलं तर तोटा, गळलं तर स्फोटाचा धोका.

आता लिथियम सेलची धन बाजू पाहा. सक्रिय भुकटी, कार्बन आणि बाइंडर एनएमपी नावाच्या द्रावकात घोटून स्लरी करतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर तिचा पातळ थर देतात. फॉइल लांबलचक ओव्हनमधून जाते. उडालेलं एनएमपी पकडून परत वापरतात. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळतं, एनएमपी दोनशेच्या वर. घाईनं वाळवलं तर बाइंडर वर सरकतो आणि थर फॉइलला नीट धरत नाही. हे वाळवणीचं, द्रावक परत मिळवण्याचं शास्त्र रसायन अभियंत्याचंच आहे.

पुढे ओलाव्याशी झुंज. इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियमचं मीठ पाण्याशी गाठ पडताच हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करतं, म्हणून इलेक्ट्रोलाइट भरण्याच्या खोलीतली हवा दवबिंदू उणे ४० अंश किंवा त्याहूनही खाली जाईल इतकी कोरडी ठेवतात. नंतर पहिलं चार्जिंग, म्हणजे फॉर्मेशन; त्यात ऋण बाजूच्या ग्राफाइटवर जो संरक्षक थर बसतो, त्यावर सेलचं आयुष्य ठरतं.

या कारखान्यांतली नोकरीची वाट अशी: प्रशिक्षणार्थी म्हणून मिक्सिंग किंवा कोटिंगवर पाळी, मग एका टप्प्याची जबाबदारी, मग छोट्या लाइनवर जमलेली पाककृती मोठ्या लाइनवर उतरवणं. माझ्या मते खरा अभियंता या तिसऱ्या पायरीवर घडतो, आणि तिथवर टिकणारे थोडे. वापरलेल्या बॅटरीतून धातू काढण्याचं कामही आपलंच.

या धातूंपैकी मँगनीजची आठवण इथे करायलाच हवी. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ मध्ये उभी राहिली ती रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून, आणि त्यांची कमाई मँगनीजच्या खाणींची. ‘मॉइल’ ही सरकारी मँगनीज कंपनी भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग इथे ड्राय सेलसाठी मँगनीज डायऑक्साइड बनवते. अनेक लिथियम बॅटऱ्यांतही मँगनीज असतंच. विदर्भाचं बॅटरीच्या धंद्याशी नातं इतकं जुनं आहे.

सेलचे मोठे कारखाने मात्र कृष्णगिरी, बंगळुरू, महबूबनगर, साणंद इथे उभे राहत आहेत. आपल्या मुलांनी तिकडे जरूर जावं. पण जाताना त्यांच्या हाताला कामाची सवय हवी. म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. विद्युतरसायनाचा पेपर ऐच्छिक न ठेवता सक्तीचा करा. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतलं प्रशिक्षण नुसत्या सहीशिक्क्यावर न उरकता, मुलामुलींना सॉल्व्हंट प्लांटच्या तिन्ही पाळ्यांत उभं करा. इथे बसलेल्या कारखानदारांनी प्रत्येकी दोघांना घ्यायचं कबूल केलं, तर येत्या उन्हाळ्यातच सुरुवात करता येईल.