पेपर झाल्यानंतरचे दिवस
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू डॉक्टर आहेस, तर आरोग्यावर पंधरा मिनिटं बोल." मी बीपी आणि शुगरवर बोलायचं ठरवलंही होतं, कारण समोर बसलेल्यांपैकी काहींची पोटं बघून तो विषय गरजेचाच वाटतो. पण गेल्या वर्षभरात आपल्याच वर्गातल्या दोघांचे मला फोन आले. एकाची पुतणी नीट देऊन घरी आली आणि तिनं जेवण सोडलं. दुसरीचा भाऊ परदेशातून एमबीबीएस करून आला, इथली परीक्षा दिली आणि निकालापर्यंत रात्र रात्र मोबाईल घेऊन बसला. दोघांनी मला एकच विचारलं, "आता तर पेपर झाला ना, मग आता कशाची भीती?" त्या प्रश्नाचं उत्तर आज इथं द्यावं असं वाटलं.

परदेशात एमबीबीएस केलेल्याला भारतात डॉक्टरी करायची तर एफएमजीई नावाची परीक्षा पास व्हावी लागते. २००२ पासून हा नियम आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेतं. एकाच दिवशी ३०० प्रश्न, १५०-१५० चे दोन भाग, प्रत्येक भागाला अडीच तास. उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत आणि १५० गुण मिळाले की पास. ऐकायला सोपं वाटतं. पण जून २०२३ च्या परीक्षेत साधारण दहा टक्के पास झाले, जून २०२४ मध्ये साधारण वीस टक्के. म्हणजे दहाजण बसले तर आठ-नऊजण परत अभ्यासाला. १५० वाला डॉक्टर आणि १४९ वाल्यानं सहा वर्षं काय केलं, हे गावाला समजावून सांगत बसायचं.

माझं तुम्हाला माहीत आहे. दहावी इथं, अकरावी-बारावी लातूरला, मग किर्गिझस्तानात बिश्केक. मला पाठवण्यासाठी वडिलांनी देवणी जातीची बैलजोडी विकली. देवणीच्या माणसानं देवणी बैल विकणं म्हणजे काय, हे या मंडपात सांगायची गरज नाही. उरलेलं पाव्हण्यारावळ्यांकडून उसनं आणलं. २०२० मध्ये कोरोना आला, मी परत आले आणि शेवटचे बरेच तास घरच्या माळवदावर रेंज शोधत मोबाईलवर केले. डिसेंबर २०२१ मध्ये उदगीरहून रेल्वेनं हैदराबादला जाऊन पहिल्यांदा परीक्षा दिली. १४३ गुण पडले. सात कमी. जून २०२२ मध्ये दुसऱ्यांदा दिली. या दोन्ही वेळा पेपर आणि निकाल यांच्या मधले जे दिवस होते, ते मला सहा वर्षांच्या अभ्यासापेक्षा जड गेले.

असं का होतं? परीक्षेच्या आधी भीती असते, पण त्या भीतीला काम असतं. भीती वाटली की पुस्तक उघडायचं. पेपर संपला की भीती तशीच राहते आणि तिचं काम मात्र निघून जातं. शरीराला हे कळत नाही. छाती धडधडते, पोट बिघडतं, पहाटे तीनला जाग येते. शरीर संकटाला तोंड द्यायला तयार होऊन उभं असतं, आणि समोर तोंड द्यायला काही नसतं.

त्यात या परीक्षेची उत्तरपत्रिका जाहीर होत नाही, प्रश्नपत्रिकाही बाहेर देत नाहीत. नीटला निदान उत्तरसूची येते, पोरं गुण मोजून बघतात. इथं मोजायला काहीच नाही. मग टेलिग्रामवर ग्रुप निघतात. ज्याला जे प्रश्न आठवतील ते तो लिहितो, आणि एका प्रश्नाला चारजण चार उत्तरं देतात. गंमत अशी, की बरोबर सोडवलेले प्रश्न आपण विसरून जातो आणि ज्यावर अडलो होतो तेच आठवतात. त्यामुळे आठवणीवरून केलेली बेरीज जवळपास नेहमीच कमी भरते. पेपर दिलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते. तुम्ही मोजलेले गुण म्हणजे तुमचे गुण नव्हेत, ती तुमच्या काळजीची बेरीज आहे.

वाट पाहण्यावर अमेरिकेत केट स्वीनी नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बरंच काम केलं आहे. कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवण्यासाठी अशीच कठीण परीक्षा असते आणि तेव्हा तिच्या निकालाला चार महिने लागत. त्यांनी २३० उमेदवारांना या काळात पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले आणि २०१६ मध्ये तो अभ्यास छापला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. काळजी पेपरनंतर लगेच खूप असते, मध्ये थोडी उतरते आणि निकाल जवळ आला की पुन्हा चढते. आणि काळजी घालवण्यासाठी लोक ज्या युक्त्या करतात, म्हणजे मन दुसरीकडे वळवणं, "होईल सगळं चांगलं" असं स्वतःला सांगणं, त्यांनी काळजी फारशी कमी होत नाही. उलट ज्यांनी तो काळ काळजीत काढला, त्यांनी नापासाची बातमी जास्त नीट पेलली आणि पासाचा आनंदही जास्त घेतला.

हे वाचून मला फार बरं वाटलं. काळजी वाटते म्हणजे आपण दुबळे, असं काही नाही. पोराला किंवा पोरीला "टेन्शन घेऊ नको" असं सांगणं म्हणजे ताप आलेल्याला "गरम होऊ नको" म्हणण्यासारखं आहे. काळजी जात नाही हे मान्य केलं, की मग तिच्यासोबत दिवस कसे काढायचे एवढाच प्रश्न उरतो.

मी दुसऱ्या वेळी काय केलं ते सांगते. पेपर दिला त्याच रात्री, परतीच्या गाडीत, सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडले. ज्या तीन मैत्रिणींशी बोलायचं होतं त्यांना सांगितलं, "कशावरही बोलू, पेपरवर नाही."

घरी आले तर मृग तोंडावर आलेला, सोयाबीनच्या पेरणीची गडबड. वडिलांनी पेपरबद्दल एक शब्द विचारला नाही. सकाळी म्हणाले, "येतीस का शेताकडं?" मी गेले. बियाण्याला औषध चोळायचं, पिशव्या बांधावर न्यायच्या, तिफणीमागं चालायचं, ज्यात डोकं आणि हात दोन्ही गुंतावेत अशी कामं. स्वीनीबाईंच्या नंतरच्या अभ्यासातही हेच आलं, की ज्या कामात माणूस वेळ विसरतो, तसं काम वाट पाहणाऱ्याला खरी मदत करतं. टीव्हीसमोर बसल्यानं ते होत नाही, कारण टीव्ही चालू असतानाही मन निकालाकडेच असतं. शेत नसेल तर स्वयंपाक करा, सायकल दुरुस्त करा, गल्लीतल्या पोरांना गणित शिकवा. काम थोडं अवघड मात्र हवं.

काळजीला मी वेळ ठरवून दिली होती. संध्याकाळी सहा ते साडेसहा. त्या अर्ध्या तासात वहीत जे येईल ते लिहायचं. इतर वेळी विचार आला की त्याला सांगायचं, सहाला ये. ऐकायला वेडगळ वाटतं, पण मानसोपचारात ही पद्धत खरोखर वापरतात. चार-पाच दिवसांनी सहा वाजता लिहायला काही सुचेना.

त्याच वहीत दोन पानं केली होती. एका पानावर 'पास', दुसऱ्यावर 'नापास'. पास झाले तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग वर्षभराची इंटर्नशिप, त्याला लागणारे कागद. नापास झाले तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, कितीही वेळा देता येते, कोणते विषय कच्चे, तोवर पैशाचं काय. दुसरं पान लिहिताना हात थरथरत होता. लिहून झाल्यावर कळलं, की त्या पानावरही उद्याची सकाळ आहे आणि त्या सकाळी करायला काम आहे.

बाकी साध्या गोष्टी. दुपारनंतर चहा बंद, कारण चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं शरीरात असतं. आपल्याकडं पाव्हणा आला की चहा, गेला की चहा, हे अवघड आहे, पण तेवढे दिवस करावं. मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत. झोप येईना तर श्वास सावकाश आत आणि त्याच्या दुप्पट वेळ घेऊन बाहेर, दहा वेळा.

आता जरा गंभीर बोलते. एवढ्यानं भागत नाही अशीही वेळ येते. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, आंघोळ-कपड्यांकडे लक्ष नाही, माणसांत येणं बंद, "माझ्यामुळं सगळ्यांचं वाटोळं झालं" असं बोलणं, हे दिसलं तर डॉक्टरकडे न्या. माझ्या पहिल्या निकालाच्या वेळी आमच्यापैकी एकीनं रात्री मेसेज टाकला, "आता मला काहीच नको." आम्ही दोघींनी तिला लगेच फोन लावला आणि सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतोय का?" ती "हो" म्हणाली आणि रडायला लागली. एकीनं तिला फोनवर धरून ठेवलं, दुसरीनं तिच्या भावाला उठवलं. आज ती डॉक्टर आहे. पुष्कळांना वाटतं, असं विचारलं तर त्या माणसाच्या डोक्यात नसलेला विचार आपण घालू. तसं होत नाही. विचारल्यानं माणसाला बोलायला वाट मिळते. विचारा, एकटं सोडू नका आणि १४४१६ या नंबरवर फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

लातूरजवळ राहणाऱ्या आपल्याला हे जास्त कळायला हवं. लातूर पॅटर्ननं आपल्या भागातली किती लेकरं डॉक्टर झाली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण २०२४ ची नीट आठवा. ५ मे ला पेपर, ४ जूनला निकाल, मग पेपरफुटीचा गोंधळ, १५६३ जणांचे वाढीव गुण रद्द, २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा, आणि परीक्षा रद्द होणार नाही हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं २३ जुलैला. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी निकाल हातात असूनही सात आठवडे वाट पाहिली. त्या काळात त्यांचा अभ्यास घेणारे पुष्कळ होते. जेवलास का, झोपलीस का, हे विचारणारे किती होते?

म्हणून गुरुजनांना आणि तुम्हा सर्वांना माझी एक विनंती आहे. पेपर देऊन आलेलं लेकरू रस्त्यात भेटलं, तर "किती पडतील?" असं विचारू नका. त्याला ते माहीत नसतं आणि उत्तर त्याला रोज पन्नासदा द्यावं लागतं. "काय चाललंय, घरी ये" एवढं पुरे. आणि आपल्या बॅचच्या वतीनं एक काम करू. दरवर्षी नीट, बारावी आणि एफएमजीईच्या निकालाच्या आठवड्यात आपल्यापैकी पाचजणांचे नंबर शाळेच्या फलकावर लावू. देवणी तालुक्यातल्या कुठल्याही पोरानं कधीही फोन करावा. पहिला नंबर माझा लिहा. नापास झालेल्यांनी तर नक्की करावा, कारण १४३ गुणांचं मला चांगलं माहीत आहे.

माझ्या वडिलांनी गेल्या वर्षी पुन्हा बैलजोडी घेतली. देवणीचीच. नावं अजून ठेवायची आहेत, सुचली तर सांगा.