मोठं अपडेट: घाई नको, आधी बॅकअप

संगणकाचं मोठं अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही. ते टप्प्याटप्प्यानं येतं. पण सेटिंग्जमध्ये जाऊन ‘चेक फॉर अपडेट्स’वर क्लिक केलं, की काही वेळा ते आपल्याला आधीच मिळतं.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १०चं मोठं अपडेट असंच आलं. ज्यांनी ते स्वतःहून लगेच घेतलं, त्यांतल्या काहींच्या फायलीच पुसल्या गेल्या. त्यांनी डॉक्युमेंट्सचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं होतं. जुन्या जागी काही फायली राहिल्या होत्या. अपडेटनं ते जुनं फोल्डर फायलींसकट काढून टाकलं. मायक्रोसॉफ्टनं आठवड्याच्या आतच वितरण थांबवलं. दुरुस्त आवृत्ती आली १३ नोव्हेंबरला.

याचा अर्थ सगळीच अपडेट्स टाळा असा नाही. दरमहा येणारं सुरक्षा अपडेट वेळेवर घ्या. त्यात चालढकल नको. मोठ्या अपडेटला, म्हणजे नव्या आवृत्तीला, मात्र थोडे दिवस जाऊ द्या. आधी घ्यायचीच असेल, तर महत्त्वाच्या फायली एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करा, त्या उघडतात ना हे पाहा आणि डिस्क काढून ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावा. नंतर अडचण आलीच, तर विंडोजमध्ये साधारणपणे दहा दिवसांच्या आत जुन्या आवृत्तीवर परतता येतं.