गामाचा दगड

गोंदियाच्या धान केंद्रावरचा हमाल एक कट्टा पाठीवर घेतो, तेव्हा 40 किलो उचलतो. असे 30 कट्टे एकत्र बांधले की 1200 किलो होतात. तेवढ्या वजनाचा दगड गामा पहिलवानाने छातीपर्यंत उचलला आणि दोन पावलं चाललाही, असं सांगतात.

हा दगड आजही बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात आहे. 23 डिसेंबर 1902 रोजी गुलाम महंमदने तो उचलल्याची नोंद त्यावर कोरलेली आहे. गुलाम महंमद म्हणजेच गामा. राज्य तेव्हा सयाजीराव गायकवाडांचं.

आता हिशोब करू. दगडाची उंची अडीच फूट सांगतात. अडीच फुटी, सगळीकडून चौकोनी, भरीव ग्रॅनाइटचा ठोकळा 1200 किलोच्या आसपास भरतो. कोपरे गोल असले की वजन उतरलंच. आणि आजचे महाबली, हाताला पकड देणारी लोखंडी दांडी असूनही, जमिनीवरून मांडीपर्यंत 500 किलोच्या थोडेसेच पुढे गेलेत. तेव्हा गामाने दगड उचलला असेल, पण 1200चा आकडा पचत नाही.

खरं तर गामाला या आकड्याची गरजही नव्हती. 1910 मध्ये लंडनला झ्बिस्को नावाचा पहिलवान त्याच्यापुढे अडीच तासांहून जास्त जमिनीला चिकटून राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली; ठरलेल्या पुढच्या कुस्तीला तो आलाच नाही. 1928 मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले. झ्बिस्को मिनिटभराच्या आत चीत झाला.