गोठ्याचं पुढचं गणित

मावळातल्या बेडसे लेण्यांच्या डोंगराखाली भातखाचरं आहेत आणि दावणीला गुरं. असा गोठा चालवणाऱ्या घरानं पुढच्या दहा वर्षांचं एकत्र बसून ठरवायलाच हवं. आज जन्मलेली संकरित कालवड दुधाला येईपर्यंत अडीच-तीन वर्षं जातात. तेवढ्यात एका भावानं आपला वाटा फार्महाऊससाठी विकला, तर वैरण कुठून आणायची?

भिलवडीचे चितळे आठवा. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये कृष्णाकाठी दुधाचा व्यवसाय उभा केला. पुढं मुलांनी कामं वाटून घेतली. काहींनी भिलवडीत दूध सांभाळलं, काहींनी पुण्यात विक्री. १९५० मध्ये पुण्यात ‘चितळे बंधू मिठाईवाले’ सुरू झालं. गोठा एकीकडे, गिऱ्हाईक दुसरीकडे, पण कुणी काय पाहायचं हे ठरलेलं. मला हे ठरलेलं असणं भांडवलाइतकंच मोलाचं वाटतं.

मावळात इंद्रायणी भाताचा पेंढा घरचाच मिळतो. मात्र इथल्या धो धो पावसात गोठा कोरडा ठेवणं खर्चाचं काम. म्हणून जनावरं किती ठेवायची, दूध डेअरीला घालायचं की लोणावळ्याच्या हॉटेलांना, आणि हिशेब लेकीसुनांपैकी कोण लिहिणार, हे नवं कर्ज काढण्याआधी वहीत उतरवा.