साठ गुणांनी हरलेल्या मुली

घरातलं आवरून, चूल-गॅस बंद करून आपण ऐकायला बसला असाल. आज आम्ही बोलणार आहोत बास्केटबॉलबद्दल. हसू नका! आम्ही बचत गटाच्या बायका, आमचा आणि बास्केटबॉलचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. वर्षापूर्वी आम्हालाही तसंच वाटायचं. पण आज आम्ही त्या खेळाच्या पक्क्या चाहत्या आहोत. कशा झालो, ते आधी सांगतो. त्यात आमची एक चूकही आहे, तीही सांगणार आहोत.

आमच्या गटातल्या एकीची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात शिकते आणि तिथल्या बास्केटबॉलच्या संघात खेळते. जिल्ह्याच्या सामन्याला तिने आम्हाला बोलावलं. आम्ही अकरा जणी वडापच्या जीपने गेलो. डब्यात चपात्या, शेंगदाण्याची चटणी, अगदी जत्रेला निघाल्यासारख्या. समोरचा संघ शहरातला होता. त्या मुली उंच, पायात चांगले बूट, सरावाला पक्कं मैदान. आमच्या मुलींचा सराव मातीवर, एकाच रिंगवर.

सामना सुरू झाला आणि आमच्या मुलींना चेंडूच मिळेना. अर्धा खेळ झाला तेव्हा फळ्यावर ३७ विरुद्ध ३ असे गुण होते. आमच्यातली एक म्हणाली, "हे काय बघायचं? गाडी चुकेल." दुसरी म्हणाली, "पोरीलाच लाज वाटेल आपल्यासमोर." आणि आम्ही उठलो. अकराच्या अकरा जणी. पोरीची आईसुद्धा.

रात्री ती घरी आली. जेवली नाही. आई म्हणाली, "हरलात म्हणून एवढं काय मनाला लावून घेतेस?" तेव्हा ती म्हणाली, "हरल्याचं नाही गं. वळून बघितलं तर बाकडी रिकामी होती." दुसऱ्या दिवशी तिने बूट माळ्यावर टाकले. वडील म्हणाले, "बरं झालं, आता अभ्यासाकडे बघ." आणि खरं सांगतो, आम्हालाही तेव्हा वाटलं की बरंच झालं.

पण तिच्या खेळाच्या बाईंनी तिला सोडलं नाही. त्यांनी तिला अमेरिकेतल्या दोन सामन्यांची माहिती दिली. ती पोरगी आमच्या गुरुवारच्या बैठकीत मोबाईल घेऊन आली आणि तिने ते सगळं आम्हाला सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. दहा फूट उंचीवर लोखंडी कडं आणि त्याला जाळी. चेंडू हाताने आपटत न्यायचा आणि त्या जाळीतून टाकायचा. जवळून टाकला तर दोन गुण, ठरावीक रेषेच्या बाहेरून टाकला तर तीन. कॉलेजच्या मुलींचा सामना चाळीस मिनिटांचा, दहा-दहा मिनिटांचे चार भाग. बरोबरी झाली तर पाच मिनिटं जादा. एवढं कळलं की पुरे.

अमेरिकेत दर मार्च महिन्यात कॉलेजच्या मुलींची मोठी स्पर्धा होते. देशभरातले निवडक संघ, २०१६ साली ते ६४ होते. हरलं की घरी जायचं. त्या वर्षी २६ मार्चला, शेवटचे सोळा संघ उरले असताना, एक सामना झाला. एका बाजूला कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुली, दुसऱ्या बाजूला मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या.

एक गोष्ट आम्हाला फार आवडली. ही दोन्ही विद्यापीठं मुळात शेतीच्या शाळा होत्या. मिसिसिपीचं १८७८ साली शेती आणि यंत्रविद्या शिकवायला निघालं. कनेक्टिकटचं १८८१ साली स्टॉर्स नावाच्या खेड्यात शेतकी शाळा म्हणून सुरू झालं. मिसिसिपी हे तर कापसाचं राज्य. आपल्या विदर्भातल्या मैत्रिणींना सांगायला नको, कापूस पिकवणाऱ्या मुलखाची दशा काय असते. अमेरिकेतल्या गरीब राज्यांत त्याचं नाव घेतात.

तर सामना सुरू झाला. पहिल्या दहा मिनिटांत गुण झाले ३२ विरुद्ध ४. अर्ध्या वेळेला ६१ विरुद्ध १२. शेवटी कनेक्टिकट ९८, मिसिसिपी स्टेट ३८. साठ गुणांचा फरक! कबड्डीत एकामागून एक लोण चढत जावेत आणि अंगणात कुणी उरूच नये, तसं झालं. कनेक्टिकटची ब्रिआना स्टुअर्ट ही मुलगी सहा फूट चार इंच उंच. तिने एकटीने २२ गुण केले.

आता पुढे काय झालं बघा. बॉस्टनच्या एका क्रीडा पत्रकाराने जाहीर लिहिलं की कनेक्टिकटच्या मुली एवढ्या चांगल्या आहेत की त्या महिलांच्या खेळाची मजाच मारून टाकत आहेत, मी काही बघणार नाही. त्यावर कनेक्टिकटचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांनी उत्तर दिलं: नका बघू, कुणी जबरदस्ती केली आहे का? टायगर वूड्स जेव्हा गोल्फमधलं सगळं जिंकत होता, तेव्हा तो गोल्फचं वाईट करतोय असं कुणी म्हणालं नाही, उलट त्याच्यामुळे बाकीचे सुधारले.

हे ऐकून आमच्या बैठकीत चांगलाच वाद झाला. एक गट म्हणाला, एवढं मारायचं कशाला? समोरच्या पोरींची थोडी दया नको? दुसरा गट म्हणाला, मुद्दाम वाईट खेळणं ही दया नव्हे, तो अपमान आहे. आम्हाला आमचंच उदाहरण आठवलं. तालुक्याच्या प्रदर्शनात शेजारच्या गावच्या गटाचे पापड दुपारीच संपले आणि आमच्या मसाल्याची पाकिटं तशीच परत आली. तेव्हा त्यांनी आमच्यासाठी पापड कमी लाटायला हवे होते का? नाही. आम्ही त्यांच्याकडे जाऊन पाकीट कसं बांधतात ते बघायला हवं होतं. पण आम्ही काय केलं? त्यांच्या नावाने बोटं मोडत घरी आलो.

आणखी एक मुद्दा निघाला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या मुलांचा संघ १९७१ ते १९७४ या काळात सलग ८८ सामने जिंकला होता. आजही त्यांचं कौतुक होतं. तसंच मुली करू लागल्या की म्हणतात, खेळाची मजा गेली. मुलगा पहिला आला तर हुशार आणि मुलगी सारखी पहिली यायला लागली तर "बाकीच्यांना संधी द्या". हे आपल्याला नवीन आहे का?

आणि कनेक्टिकटच्या मुली जन्मतः अजिंक्य होत्या असंही नाही. १९८५ साली ऑरिएमा तिथे आले, तोवर त्या संघाला हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकलेलं वर्ष एकदाच लाभलं होतं. ऑरिएमांच्या पहिल्या वर्षी संघ १२ सामने जिंकला आणि १५ हरला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला १९९५ साल उजाडावं लागलं. म्हणजे दहा वर्षं गेली. त्याच्याही मागे १९७२ सालचा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही, असं त्या कायद्याने ठरवलं. त्यामुळे खेळात मुलींना मैदान, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती मागण्याचा हक्क आला. आज पुढे दिसणारी बाई कालपर्यंत कुठे होती, हे आपण विचारतच नाही.

आता हरलेल्या मुलींकडे येऊ. आमच्या गटात हिशेब लिहिणारी जी आहे, तिने कागदावर वजाबाकी केली. अर्ध्या वेळेला ६१-१२ आणि शेवटी ९८-३८. म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात कनेक्टिकटचे ३७ गुण आणि मिसिसिपीचे २६. ती म्हणाली, "अगं, म्हणजे ४९ गुणांनी मागे असूनही ह्या पोरी खेळतच होत्या की!" तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो. आमच्या मुलींचा दुसरा अर्धा खेळ कसा झाला, ते आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. आम्ही तेव्हा जीपमध्ये होतो.

पुढचं वर्ष, २०१७. मार्चची ३१ तारीख, डलास शहर. तीच स्पर्धा, आता उपांत्य सामना, आणि समोरासमोर तेच दोन संघ. कनेक्टिकट तोवर सलग १११ सामने जिंकलेला संघ. नोव्हेंबर २०१४ नंतर त्यांनी हार बघितलेलीच नव्हती. मिसिसिपीत मागच्या वर्षी साठ गुणांनी हरलेल्या बऱ्याच मुली होत्या. त्यातलीच एक मॉर्गन विल्यम. उंची पाच फूट पाच इंच. त्या खेळात ही उंची म्हणजे लहानखुरीच. तिला खेळ शिकवला तिच्या सावत्र वडिलांनी. ते २०१४ साली अचानक वारले.

या वेळी मिसिसिपीने पहिल्यापासून आघाडी घेतली, एकदा तर सोळा गुणांची. कनेक्टिकटने हळूहळू ती भरून काढली. वेळ संपत आली तेव्हा मॉर्गनने चेंडू टाकला आणि समोरच्या मुलीने तो हवेतच अडवला. ६०-६० अशी बरोबरी. जादा पाच मिनिटं. त्यातही शेवटचे काही सेकंद उरले असताना ६४-६४. चेंडू कनेक्टिकटकडे होता, तो त्यांच्या हातून गेला. मॉर्गन चेंडू घेऊन पुढे आली. थोड्या वेळापूर्वीच तिचा चेंडू अडवला गेला होता. तरी तिने उडी मारली आणि टाकला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. आणि जाळीतून खाली आला. ६६-६४.

मोबाईलच्या त्या एवढ्याशा पडद्यावर ते बघताना आमच्यातल्या दोघी उभ्याच राहिल्या. एकीच्या हातातला चहा सांडला.

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपवली तर ती खोटी होईल. कनेक्टिकटच्या तीन सर्वांत चांगल्या मुली २०१६ मध्येच शिक्षण संपवून गेल्या होत्या, हेही खरं. आणि दोनच दिवसांनी, २ एप्रिलला, अंतिम सामन्यात मिसिसिपी स्टेट हरली, साउथ कॅरोलायनाकडून, ६७-५५. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामन्यात पोचली आणि पुन्हा हरली. त्या वेळी तर नोत्र दाम विद्यापीठाच्या मुलीने अगदी शेवटच्या क्षणी चेंडू टाकला. जे त्यांनी दुसऱ्यांना केलं होतं, तेच त्यांच्या वाट्याला आलं. विजेतेपद काही मिळालं नाही. तरी साठ गुणांनी हरलेल्या मुली दोनदा अंतिम सामना खेळल्या. त्या रात्री हरल्यावर बूट माळ्यावर टाकले असते तर?

आम्ही आमच्या पोरीला विचारलं, "तुला यातलं काय पटलं?" आम्हाला वाटलं, ती तो शेवटचा चेंडू म्हणेल. ती म्हणाली, "मला २६ गुण पटले."

बूट माळ्यावरून खाली आले. तिच्या वडिलांची समजूत घालायला आम्ही चौघी गेलो होतो. पहिल्यांदा त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, "परीक्षेत मार्क कमी पडले तर बघा." आम्ही म्हटलं, बघू. ग्रामपंचायतीकडे दुसऱ्या रिंगसाठी अर्ज दिला आहे. अजून उत्तर नाही. दर महिन्याला विचारून येतो.

यंदा जिल्ह्याचा सामना पुन्हा झाला. आमच्या मुली पुन्हा हरल्या, ५२ विरुद्ध २९. पण या वेळी आम्ही परतीच्या जीपवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की सामना संपल्याशिवाय आम्ही हलणार नाही, थांबायचे पैसे वेगळे घे. शेवटची शिट्टी होईपर्यंत अकरा जणी बाकड्यावर होतो. घसा बसला. शेवटच्या मिनिटात आमच्या पोरीने एक चेंडू टाकला. त्याने निकाल काही बदलणार नव्हता. तिने वळून आमच्याकडे बघितलं, एवढंच.

तर मैत्रिणींनो, आमचं सांगणं थोडकंच आहे. आपल्या मुली कबड्डी खेळत असतील, खो-खो खेळत असतील, नाहीतर दहावीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसत असतील. जिंकणारीच्या मागे उभं राहायला सगळं गाव येतं. हरणारीसाठी कोण थांबतं, ते ती मोजत असते. आपल्याला खेळाचे नियम कळले नाहीत तरी चालतील. थांबायला नियम लागत नाहीत.

पुढच्या बैठकीत आपल्या गटात दोन प्रश्नांवर जरूर बोला. एक: आपल्यापेक्षा पुढे गेलेल्या गटाकडून आपण शेवटचं काय शिकलो? दोन: आपण कुणाचा खेळ अर्ध्यावर सोडून उठून आलो होतो का? काय बोलणं झालं ते आम्हाला केंद्रावर येऊन सांगा, नाहीतर पत्र पाठवा. आम्ही ते वाचून दाखवू.

आता रजा घेतो. नमस्कार.