घरच्या घरीं ब्रेकची दुरुस्ती

पुष्कळ मोटारींच्या मागील चाकांत ड्रम-ब्रेक असतो. लुई रेनो या फ्रेंच यंत्रज्ञानें १९०२ सालीं त्यास आधुनिक रूप दिलें. पेडल दाबतांच दोन अर्धचंद्राकृति शू फिरत्या ड्रमला आंतून घासतात. त्यांवरील लायनर झिजले म्हणजे शू बदलावे लागतात.

हें काम घरीं होण्यासारखें आहे. परंतु त्यावर रस्त्यांतील अनोळखी मुलाचा जीव अवलंबून असतो.

पुढील चाकांस दगड लावावेत. केवळ जॅकवर न विसंबतां गाडीखालीं भक्कम स्टँड द्यावेत, आणि मगच हातब्रेक सोडावा. शू दोन्ही बाजूंचे बदलावयाचे. पण एका वेळीं एकच बाजू सोडावी, म्हणजे स्प्रिंगांची मांडणी पाहावयास दुसरी शाबूत राहते. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असूं शकतो. त्याची धूळ श्वासावाटे जाणें घातक, म्हणून ती न फुंकतां ओल्या फडक्यानें पुसावी. ड्रम काढलेला असतां पेडल दाबूं नये. सिलिंडरांतील दट्ट्या निसटून तेल सांडतें. नव्या लायनरास ग्रीसचें बोटहि लागूं देऊं नये.

शेवटीं मोकळ्या जागीं, सावकाश गतीनें परीक्षा घ्यावी. तिळमात्र शंका उरल्यास मिस्त्रीस बोलवावें. मजुरी वांचते ती आपली. चुकीची किंमत मात्र दुसऱ्यास द्यावी लागते.