बाईंची पायपेटी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला ‘परदेशातले अनुभव’ सांगायला सांगितलं आहे. मी एकच सांगणार आहे, आणि तो फिरून आपल्या शाळेतच येतो.

कंपनीच्या कामासाठी मी काही महिने नेदरलँड्समध्ये होते. ॲमस्टरडॅमपासून रेल्वेने थोड्याच अंतरावर हार्लेम हे जुनं शहर आहे. तिथल्या सेंट बावो चर्चमध्ये उन्हाळाभर ऑर्गनवादनाचे कार्यक्रम होतात. ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, “चल.” ऑर्गन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आली ती आपल्या प्रार्थनेची पायपेटी. आत जाऊन पाहते तर अख्खी भिंत म्हणजेच ऑर्गन! सुमारे 5000 नळ्या. ख्रिस्तियान म्युलर या कारागिराने तो 1738 मध्ये पुरा केला. 1766 मध्ये दहा वर्षांचा मोझार्ट तो वाजवून गेला. खर्जातला सूर लागला तेव्हा तो कानाआधी मला बसल्या खुर्चीत जाणवला.

नंतर त्याविषयी वाचलं. तिकडे धर्मसुधारणा झाली तेव्हा नव्या पंथाच्या धर्मगुरूंना प्रार्थनेत ऑर्गन नको होता. पण ऑर्गन होते शहरांच्या मालकीचे. शहरांनी ते मोडीत काढले नाहीत. पगार देऊन वादक ठेवले आणि प्रार्थनेची वेळ सोडून गावकऱ्यांसाठी वाजवायला सांगितलं. अशा कार्यक्रमांची सुरुवात तिथे झाली. हार्लेममध्ये शहराने नेमलेला वादक ही प्रथा अजून चालू आहे.

मला तिथे बसून रेवदंडा आठवला. तो ऑर्गन पुरा झाला त्या साली आपल्या रेवदंड्यातही पोर्तुगीजांची चर्चेस उभी होती. 1740 मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, आणि त्या इमारतींना वाली उरला नाही. आपण आठवीच्या सहलीला जिथे डबे उघडले, त्या माडांतल्या भिंतींना आज छप्परही नाही. कोणी वापरलं नाही, तर दगडसुद्धा टिकत नाही.

आता आपली पायपेटी. ऑर्गनचं हे छोटं भावंडं. नळ्यांऐवजी पितळेच्या सुरांवर वाजणारं. आपल्या संगीत रंगभूमीने ते इतकं आपलंसं केलं की बालगंधर्वांचं गाणं ऑर्गनच्या साथीशिवाय आठवतच नाही. आपल्या शाळेतली पेटी कुठून आली ते मला ठाऊक नाही. पण रोज सकाळी ती वाजायची, आणि पेटीमागे बाईंचा फक्त अंबाडा दिसायचा.

आम्ही नववीत असताना बाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता. पायटे कोण मारणार? बाईंनी मला हाक मारली. दीड महिना मी पेटीखाली मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांनी पायटे दाबले. बाई वरून म्हणायच्या, “घाई नको गं, भाता रिकामा होऊ देऊ नकोस.” हार्लेमच्या ऑर्गनलाही पूर्वी भाते मारायला माणसं लागायची, हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. म्हणजे ते काम मीही केलं होतं!

बरं झाल्यावर बाई म्हणाल्या, “आता वर बस, शिकवते.” मी म्हटलं, “बाई, दहावीनंतर.” दहावीनंतर मी कधी गेलेच नाही. बाई, तुम्ही आज समोर बसला आहात, म्हणून तीस वर्षांनी माफी मागते.

काल मी पेटी पाहून आले. ती प्रयोगशाळेमागच्या खोलीत आहे, वर जुने नकाशे ठेवलेत. भात्याचं कापड फाटलंय, खाऱ्या हवेने सूर काळवंडलेत, तीन पट्ट्या दबूनच राहिल्यात. पण लाकडाला वाळवी नाही. दुरुस्ती होण्यासारखी आहे: भाता नवा घालायचा, सूर साफ करून, घासून पुन्हा लावायचे.

आपल्या तुकडीने शाळेला नवी ध्वनियंत्रणा द्यायचं ठरवलं आहे. माझी विनंती आहे की आधी पेटी दुरुस्त करू. पण दुरुस्त करून काचेआड ठेवायची असेल, तर पैसे वाचवा. मी सॉफ्टवेअरमधली बाई. जी गोष्ट कोणी चालवत नाही ती बंद पडते, हे रोज पाहते. म्हणून त्यासोबत दोन गोष्टी हव्यात. एक, शिकवायला आठवड्यातून एकदा येणाऱ्या शिक्षकाचं मानधन. त्यातला पहिल्या वर्षाचा भार मी उचलते. दुसरी, पावसाळा सोडून वर्षात चार संध्याकाळी शाळेच्या सभागृहात गावासाठी पेटीवादन. तिकीट नको. भजन, नाट्यपदं, प्रार्थना, मुलांना येईल ते. कोर्लईच्या चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांनाही बोलावू.

पहिल्या संध्याकाळी बाईंनी वाजवावं. पाय दुखत असतील तर काळजी नको, बाई. मी खाली बसेन.